एकोणीस दिवस अनोळखी : जेलानी डे प्रकरण

डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाची निळी टोपी. काळा टी-शर्ट, त्यावर गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं चित्र. पांढरट-चंदेरी हाफपँट, पांढऱ्या सोलचे काळे बूट. 24 ऑगस्ट 2021, मंगळवार, सकाळी नऊच्या सुमारास इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टन शहरात एका दुकानाच्या कॅमेऱ्यात हा मुलगा दिसला. त्यानंतर तो जिवंत दिसल्याची खात्रीलायक नोंद कुठेही नाही.

त्याचं नाव जेलानी डे. कृष्णवर्णीय, वय 25. शेजारच्याच नॉर्मल गावातल्या इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीत तो स्पीच पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण घेत होता. ज्यांना बोलताना अडखळायला होतं, पक्षाघातानंतर ज्यांची वाचा जाते, अशांना पुन्हा बोलतं करण्याचं हे शास्त्र. आधीची पदवी त्याने अलाबामातल्या एका कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठातून घेतली होती. पुढे नावामागे ‘डॉक्टर’ लावायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. घर डॅनव्हिलला, इंडियानाच्या सीमेलगत. आईशी रोजचं बोलणं.

ब्लूमिंग्टन-नॉर्मल ही जोडशहरं आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. स्टेट फार्म या विमा कंपनीचं मुख्यालय तिथलंच, त्यामुळे आयटीतली कितीतरी भारतीय कुटुंबं तिथे राहतात, त्यात मराठीही आली. शांत, शिकल्यासवरल्या लोकांचं, मक्याच्या शेतांनी वेढलेलं गाव. हे प्रकरण कुठल्या बदनाम वस्तीतलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. कारण ‘अशा’ मुलांच्या बाबतीत वस्ती, संगत, सवयी यांचा हिशेब फार लवकर मांडला जातो.

जेलानी वर्गात आला नाही, फोन उचलत नाही, म्हणून घरच्यांनी 25 तारखेला पोलिसांत कळवलं. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनीही कळवलं. 26 ऑगस्टला त्याची पांढरी क्रायस्लर गाडी सापडली, पण ब्लूमिंग्टनमध्ये नाही. ती होती उत्तरेला सुमारे साठ मैलांवर, पेरू नावाच्या छोट्या गावात, वायएमसीएच्या इमारतीमागच्या झाडीत. कॅमेऱ्यात अंगावर दिसलेले कपडे गाडीत होते. पेरूला त्याचं काही काम होतं, ओळखीचं कुणी होतं, असं घरच्यांना माहीत नव्हतं.

4 सप्टेंबरला, शोध चालू असतानाच, पेरूजवळ इलिनॉय नदीत एक मृतदेह तरंगताना मिळाला. तो जेलानीचा आहे हे अधिकृतपणे सांगितलं गेलं 23 सप्टेंबरला.

मधे एकोणीस दिवस गेले.

या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो ते या एकोणीस दिवसांमुळे, आणि त्याच दिवसांत देशात दुसरीकडे काय चाललं होतं त्यामुळे.

11 सप्टेंबरला न्यूयॉर्क राज्यात गॅबी पेटिटो या 22 वर्षांच्या तरुणीची बेपत्ता म्हणून नोंद झाली. गोरी, सोनेरी केसांची, होणाऱ्या नवऱ्याबरोबर व्हॅनमधून देशभर फिरणारी, प्रवासाचे व्हिडिओ टाकणारी. दोन-चार दिवसांत तिचं नाव अमेरिकेतल्या प्रत्येक वाहिनीवर होतं. 19 तारखेला वायोमिंगमधल्या जंगलात तिचे अवशेष मिळाले, 21 तारखेला ओळख पटल्याचं जाहीर झालं. नोंदीपासून ओळख पटेपर्यंत दहा दिवस. त्या मुलीचा खून झाला होता. तिच्या आईवडिलांचं दुःख कुणापेक्षा कमी नव्हतं आणि तिच्यासाठी जे केलं गेलं त्यातलं काहीही जास्तीचं नव्हतं. प्रत्येक हरवलेल्या माणसासाठी तेवढंच व्हायला हवं.

पण त्याच आठवड्यात जेलानीची आई, कारमेन बोल्डन डे, जो कॅमेरा समोर येईल त्याच्यापुढे उभी राहून विनवत होती की त्या मुलीला शोधताय तसं माझ्याही मुलाला शोधा, तोही कुणाचा तरी आहे, त्यालाही घरी यायचंय. ती हे म्हणत होती तेव्हा नदीतला तो मृतदेह लासाल काउंटीच्या, म्हणजे पेरू ज्यात येतं त्या जिल्ह्याच्या, कॉरोनरच्या ताब्यात होता, नावाशिवाय.

कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. आपल्या मुंबईतही हे पद 1999 पर्यंत होतं, जुन्या वकिलांना आठवत असेल. इलिनॉयच्या बहुतेक काउंट्यांत तो मतदानाने निवडून येतो आणि त्याने डॉक्टर असलंच पाहिजे असं बंधन नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उन्हाळ्यात नदीत राहिलेल्या देहाची अवस्था वाईट होती. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे दातांची तपासणी आणि डीएनए हेच मार्ग होते. हे सगळं मान्य. तरीही प्रश्न उरतो. शोध ज्याचा चालू होता त्याची गाडी त्याच गावात सापडलेली होती. त्याची आई हयात, भावंडं हयात, सगळी हाकेच्या अंतरावर. कुणाच्या दातांशी आणि कुणाच्या डीएनएशी ताडून पाहायचं, हे शोधत फिरावं लागणार नव्हतं.

आपल्या बातम्यांत अशा देहाला सर्रास ‘बेवारस’ लिहितात. मला तो शब्द नेहमीच खटकतो. वारस शोधायच्या आधीच बेवारस ठरवून मोकळं व्हायचं, असं त्यात आहे. हा देह बेवारस नव्हता. वारस टीव्हीवर दिसत होते.

लक्ष कमी मिळालं, दुजाभाव झाला, असं म्हटलं की ते मनाला लागलेल्या गोष्टीसारखं ऐकू येतं, जणू कुणी कुणाच्या सांत्वनाला गेलं नाही एवढाच मुद्दा. म्हणून बातम्यांमधून मिळणारं लक्ष प्रत्यक्षात काय काम करतं ते पाहायला हवं, आणि त्याचा सर्वात स्पष्ट दाखला पेटिटोच्याच तपासात आहे. असाच प्रवास करणाऱ्या दुसऱ्या एका कुटुंबापर्यंत तिची बातमी पोचली. आपणही ऑगस्टच्या अखेरीस त्याच जंगलात होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. गाडीवरच्या कॅमेऱ्याचं जुनं चित्रीकरण त्यांनी काढून पाहिलं, तर रस्त्याच्या कडेला तीच पांढरी व्हॅन उभी! त्यांनी ते पोलिसांना दिलं आणि लोकांपुढेही ठेवलं. शोधपथकं त्या भागात होतीच, जागा आणखी नेमकी झाली. बातमी इतक्या घरांत पोचली नसती तर ते चित्रीकरण त्यांच्या संगणकात तसंच पडून राहिलं असतं.

आता हेच पेरूला लावून बघा. 24 ऑगस्टची सकाळ ते 26 ऑगस्ट, या काळात केव्हातरी एक पांढरी क्रायस्लर तिथे आली. वायएमसीएत रोज माणसं येतात, पोहायला, व्यायामाला, मुलांना सोडायला. पुलावरून गाड्या जातात, ट्रकना कॅमेरे असतात, घरांच्या दारांवर बेलचे कॅमेरे असतात. ही चित्रीकरणं कायम राहत नाहीत, काही दिवसांत किंवा आठवड्यांत त्यांच्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. माणसाच्या आठवणीचंही तेच. ‘परवा तिथे एक पांढरी गाडी होती का हो?’ याला उत्तर मिळतं. ‘गेल्या महिन्यात चोवीस तारखेला?’ याला मिळत नाही.

जेलानीचं नाव देशभर गेलं ते सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात. तोवर स्थानिक पत्रकार त्याची बातमी देत होते, हे सांगायलाच हवं. ब्लूमिंग्टनच्या छोट्या माध्यमांनी ती सोडली नव्हती. राष्ट्रीय वाहिन्या मात्र आल्या त्या पेटिटोच्या बातमीचा पदर धरून. लोक विचारू लागले, या मुलीसाठी एवढं आणि बाकीच्यांचं काय? मग ‘बाकीच्यां’ची नावं शोधली गेली आणि त्यात जेलानी सापडला. म्हणजे त्याची पहिली मोठी बातमी ‘हरवलेला मुलगा’ ही नव्हतीच, ‘ज्याच्याकडे दुर्लक्ष झालं तो मुलगा’ ही होती. आणि तेव्हा तो नदीतून बाहेर काढला जाऊन दोन आठवडे झाले होते. उशिराने आलेल्या त्या लक्षाचा तपासाला जो उपयोग व्हायचा तो काळ निघून गेलेला होता.

या दुजाभावाला अमेरिकेत नाव आहे: ‘मिसिंग व्हाइट वुमन सिंड्रोम’, म्हणजे हरवलेल्या गोऱ्या स्त्रीकडेच लक्ष जाण्याची खोड. 2004 मध्ये ग्वेन आयफिल या नामवंत कृष्णवर्णीय पत्रकार महिलेने अल्पसंख्याक पत्रकारांच्या परिषदेत हा शब्दप्रयोग केला आणि तो रूढ झाला. पुढे नुसत्या शब्दावर न थांबता कुणीतरी मोजून पाहणं गरजेचं होतं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले संशोधक झॅक सोमर्स यांनी 2016 मध्ये ते केलं. चार वृत्तसंकेतस्थळांवरच्या बेपत्ता व्यक्तींच्या बातम्या त्यांनी एफबीआयच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. बातमी मुळात येते का, आणि आली तर किती वेळा येते. कृष्णवर्णीय दोन्हीकडे मागे पडले. आणि पुरुषही नोंदींतल्या प्रमाणापेक्षा बातम्यांत कमी दिसले. जेलानी दोन्ही होता.

आकड्यांविषयी एक गोष्ट नजरेआड होते. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय जेमतेम 14 टक्के, पण बेपत्तांच्या नोंदींत ते साधारण एक तृतीयांश असतात. या नोंदींत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, लोकांचा वेगळा रकाना नसतो, त्यांतले बहुतेक ‘गोरे’ या सदरात जातात. त्यामुळे ‘गोऱ्या बेपत्तां’चा आकडा कागदावर फुगलेला दिसतो आणि खरी तफावत आहे त्याहून कमी भासते.

मग बातमी का येत नाही? मला वाटतं, कुणी संपादक बसून ‘हा काळा आहे, सोडा’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘यात स्टोरी काय आहे?’ आणि स्टोरी कशाला म्हणायचं याचा साचा आधीच तयार असतो. पेटिटोकडे स्वतःचे हसरे व्हिडिओ होते, डोंगर होते, प्रेमकथा होती. जेलानीचं शेवटचं चित्र म्हणून लोकांपुढे आलं ते दुकानाच्या कॅमेऱ्यातलं, वरून घेतलेलं, टोपीने अर्धा चेहरा झाकलेला. ते दुकान गांजाचं होतं. इलिनॉयमध्ये 2020 पासून प्रौढांसाठी ते पूर्ण कायदेशीर आहे, दुकानाला परवाना असतो, आत जाताना ओळखपत्र दाखवावं लागतं. पण पंचविशीतला काळा मुलगा आणि गांजाचं दुकान हे दोन शब्द एका ओळीत आले की वाचणाऱ्याच्या मनात पुढची ओळ आपोआप लिहिली जाते. त्याच मुलाचा पदवीच्या झग्यातला फोटो घरच्यांकडे होता. घरच्यांनी तो दिलाही. कोणता फोटो आधी दिसतो, याने फरक पडतो.

पोलिसांचं गणित निराळं. तिथे पहिला प्रश्न वयाचा. अठरा वर्षांखालच्या मुलाचं अपहरण झाल्याची पोलिसांची खात्री असेल तर ‘अँबर अलर्ट’ निघतो, सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी घंटा वाजते. 1996 मध्ये टेक्सासमध्ये एका नऊ वर्षांच्या मुलीच्या खुनानंतर ही पद्धत सुरू झाली आणि तिने अनेक मुलं वाचवली आहेत. पण ‘पळून गेला असावा’ अशी नोंद झाली की अलर्टचा विषयच संपतो, आणि कृष्णवर्णीय मुलांच्या नोंदी त्या रकान्यात सहज टाकल्या जातात, अशी त्यांच्या पालकांची जुनी तक्रार आहे. 2003च्या एका केंद्रीय कायद्याने 21 वर्षांखालच्यांची नोंद राष्ट्रीय यादीत विनाविलंब करणं बंधनकारक झालं. जेलानी 25 वर्षांचा. तो सज्ञान होता, स्वतःच्या गाडीने गेलेला होता, आणि सज्ञान माणसाला न सांगता कुठेही जाण्याचा अधिकार आहे. या एका वाक्यावर कितीतरी फायली थंडावतात.

त्यातून हद्दीचा प्रश्न. मुलगा हरवला ब्लूमिंग्टनमधून, विद्यापीठाचे पोलीस वेगळे, गाडी पेरूत, देह लासाल काउंटीत. पुढे ब्लूमिंग्टन, पेरू, लासालचे पोलीस, काउंटीचे शेरीफ (तिथले पोलीसप्रमुख), राज्य पोलीस आणि एफबीआय असं संयुक्त पथक तयार झालं. कारमेन यांचं म्हणणं सुरुवातीपासून एकच होतं. हे सगळे एकत्र आले ते उशिरा, आणि आपल्याला प्रत्येक दार स्वतः वाजवावं लागलं.

25 ऑक्टोबरला कॉरोनरने निष्कर्ष जाहीर केला: मृत्यू बुडून. मारहाण, गळा दाबणं, गोळी, सुरा यांच्या खुणा मिळाल्या नाहीत. तो नदीत कसा गेला हे मात्र ठरवता आलं नाही. आईने हा निष्कर्ष स्वीकारला नाही. माझा मुलगा उत्तम पोहणारा होता, तो आपणहून तिथे गेलेला नाही, असं ती आजही ठामपणे सांगते.

दरम्यान भलतंच घडलं होतं. देहातले अवयव काढून घेतले होते, अशी अफवा समाजमाध्यमांवर पेटली. खासगी शवचिकित्सेचा एक तपशील अर्धवट बाहेर आला, कुजल्यामुळे अवयवांची अवस्था काय होती याविषयीचा, आणि तो ऐकता ऐकता ‘अवयव गायब’ असा झाला. कॉरोनरने खुलासा केला. शेवटी खुद्द आईला जाहीरपणे सांगावं लागलं की अवयव गायब नव्हते, कृपा करून असं पसरवू नका. पोटच्या मुलाच्या देहाबद्दल हे वाक्य उच्चारायची वेळ एका बाईवर यावी, याहून मोठा छळ मला सुचत नाही. पण ती अफवा पसरवणाऱ्या सगळ्यांना मूर्ख म्हणून मी मोकळा होणार नाही. आठवड्यांमागून आठवडे अधिकृत माहिती येत नव्हती. रिकाम्या जागेत लोकांनी आपली भीती भरली.

आणि ती भीती हवेतून आलेली नाही. शिकागोचे तेव्हाचे अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे संसदेचे, सदस्य बॉबी रश यांनी एफबीआयकडे तपासाची मागणी करताना एमेट टिलची आठवण काढली. 1955 मध्ये शिकागोचा हा 14 वर्षांचा मुलगा मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला, गोऱ्या बाईची छेड काढल्याच्या आरोपावरून त्याला रात्री घरातून उचललं आणि त्याचा छिन्नविच्छिन्न देह टॅलाहॅची नदीत मिळाला. आरोपींना गोऱ्या ज्यूरीने सोडलं. मॅमी टिल या माउलीने शवपेटी उघडी ठेवून जगाला मुलाचा चेहरा पाहायला लावला. शिकागोतल्या कृष्णवर्णीय घरांत ही हकीकत आजीकडून नातवापर्यंत येते. ज्या समाजाने नदीतून आपली मुलं अशी परत मिळालेली पाहिली, त्याला ‘बुडाला, कसा ते कळत नाही’ एवढं उत्तर पुरेल कसं? जेलानीच्या बाबतीत असं काही घडल्याचा पुरावा नाही, हे स्पष्टच आहे. पण पुरावा शोधायला पहिल्या दिवसापासून माणसं लावली होती, याची खात्री त्या समाजाला द्यावी लागते, आणि इथे ती देता आली नाही.

याच सुमारास ॲरिझोनात आणखी एक बाप वाळवंट तुडवत होता. डॅनियल रॉबिन्सन, 24 वर्षांचा कृष्णवर्णीय भूवैज्ञानिक, 23 जून 2021 रोजी बकाय गावाजवळच्या कामाच्या ठिकाणाहून निघाला तो नाहीसा झाला. जवळजवळ महिन्याने त्याची जीप एका घळीत उलटलेली मिळाली. वडील साउथ कॅरोलिनाहून तिथे येऊन राहिले, पदरचे पैसे घालून खासगी तपासनीस नेमला, स्वयंसेवक गोळा केले आणि चाळीस-पंचेचाळीस अंश उन्हात रांगा करून जमीन पिंजून काढू लागले. पोलिसांनी जे करायचं ते बापाने करायचं, हे या सगळ्या प्रकरणांत इतकं सारखं आहे की मन विषण्ण होतं.

यावर ज्यांनी काम उभं केलं त्यांच्यात नॅटली विल्सन आणि डेरिका विल्सन या नणंद-भावजया आहेत. 2004 मध्ये साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गची टमिका ह्यूस्टन ही 24 वर्षांची तरुणी बेपत्ता झाली. तिच्या जवळच्या नात्यातली एक बाई स्वतः जनसंपर्काच्या व्यवसायात, माध्यमांशी रोजचा संबंध, तरी राष्ट्रीय वाहिन्या दाद देईनात. जिला बातमी कशी द्यायची हे ठाऊक आहे तिची ही गत, तर इतरांचं काय, हा विचार या दोघींना गप्प बसू देईना. 2008 मध्ये त्यांनी ‘ब्लॅक अँड मिसिंग फाउंडेशन’ काढलं. डेरिका पूर्वी पोलिसांत होती, नॅटली जनसंपर्कात. एकीला ठाण्याची भाषा येते, दुसरीला न्यूजरूमची. घरच्यांनी नोंदीचा आग्रह कसा धरायचा, कोणता फोटो द्यायचा, अंगावरच्या खुणा, दातांच्या डॉक्टरचं नाव, शेवटचा फोन हे सगळं एका कागदावर आधीच कसं तयार ठेवायचं, अशी ही साधी, हाताला धरून केलेली मदत आहे.

पेटिटोच्या वडिलांनीही 28 सप्टेंबरच्या पत्रकार परिषदेत समोरच्या पत्रकारांना सुनावलं की माझ्या मुलीसाठी केलंत ते प्रत्येक हरवलेल्या माणसासाठी करा, नाही केलंत तर लाज वाटू द्या. नऊ दिवसांपूर्वी लेक सापडलेला बाप हे बोलत होता.

कायदे हलले, थोडे. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2024 पासून ‘एबनी अलर्ट’ आहे, 12 ते 25 वयाच्या बेपत्ता कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी. जेलानी त्यात बसला असता, शेवटच्या वर्षाला का होईना, पण तो इलिनॉयचा. मिनेसोटाने 2023 मध्ये बेपत्ता आणि खून झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया-मुलींसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय स्थापायचा कायदा केला. 2022च्या अखेरीस एका केंद्रीय कायद्याने बेपत्तांची आणि अनोळखी मृतांची वेगवेगळी असलेली राष्ट्रीय दफ्तरं एकमेकांना जोडायचं ठरवलं.

आणि इलिनॉयमध्ये कारमेन यांच्या पाठपुराव्याने जेलानीच्या नावाचा कायदा झाला. त्यातली मुख्य तरतूद एवढीच, की ताब्यात आलेल्या मृतदेहाची ओळख 72 तासांत पटली नाही तर कॉरोनरने एफबीआयला कळवायचं. तीन दिवस. 4 सप्टेंबर 2021ला हा कायदा असता तर 7 तारखेला फोन गेला असता, पेटिटोची नोंद व्हायच्या चार दिवस आधी.

एफबीआयने माहिती देणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. ती पांढरी गाडी ब्लूमिंग्टनहून पेरूला कुणी नेली, शेवटपर्यंत जेलानी एकटाच होता की सोबत कुणी होतं, आणि वायएमसीएमागच्या झाडीपासून नदीपर्यंत तो कसा पोचला, यातलं काहीही अद्याप उलगडलेलं नाही.